नऊ पुरे म्हणणारे ब्रोन्यूस काका

कूपिश्किस गावात बास्केटबॉल न कळणारा माणूस शोधून सापडायचा नाही, पण आकडेमोडीची वेळ आली की सगळे ब्रोन्यूस काकांच्या दारात. चौतीस वर्षं दुधाची गाडी चालवलेले काका आता शाळेच्या हॉलमध्ये गुणफलक चालवायचे. आपण दोनने हरलो, ते पाचने जिंकले, तर पुढे कोण, असं कुणी विचारलं की काका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने चार रेघा ओढायचे, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचे. बाजारात असो की वाफेच्या न्हाणीघरात, त्यांचा शब्द शेवटचा.

खरं सांगायचं तर काकांना त्यातलं निम्मंच कळायचं. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेच्या वेळी त्यांनी चक्क अंदाजाने एक आकडा ठोकून दिला आणि नेमका तो बरोबर निघाला. तेव्हापासून नाव झालं. एकदा असं नाव झालं की माणसाची पंचाईत होते, त्याला गोंधळायचीसुद्धा सोय राहत नाही. ही गोष्ट फक्त बायकोला, ओनाला ठाऊक होती, आणि ती लसणीचा तळलेला पाव पुढ्यात ठेवताना त्यावरून त्यांना मनसोक्त चिडवायची.

त्या वसंतात सोळा वर्षांखालच्या मुलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची विभागीय पात्रता फेरी गावातच भरली. संघ तीन, आपल्या देशाचा आणि शेजारच्या दोन देशांचे, आणि मुख्य स्पर्धेसाठी इटलीला जाणार एकच. शुक्रवारी लात्व्हियाच्या मुलींनी आपल्या मुलींना सहा गुणांनी हरवलं. शनिवारी एस्टोनियाने लात्व्हियाला तीनने हरवलं. रविवारी दुपारी आपण एस्टोनियाला हरवलं, तर तिन्ही संघांचा एकेक विजय, आणि मग सगळं गुणांच्या फरकावर.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आपण सातने पुढे होतो. कोच विर्गीताबाईंनी खेळ थांबवला आणि तडक गुणफलकाच्या टेबलाशी, काकांकडे आल्या.

"काका, लवकर सांगा. कितीने जिंकायचं?"

काकांच्या डोक्यात सहा, तीन, उणे, अधिक सगळं एकमेकांत अडकलं होतं. पण हॉलभर नजरा त्यांच्यावर. "नऊ," ते म्हणाले. "नऊने लात्व्हियाशी बरोबरी होते. बरोबरीत ज्यांचे एकूण गुण जास्त ते पुढे, आणि आपले जास्त आहेत. नऊ पुरे."

"नक्की ना?"

"बाई, मी कधी चुकलोय का?"

नऊ झाले. चौदा सेकंद उरले होते आणि चेंडू आपल्याकडेच होता. बाई ओरडत होत्या, धरून ठेवा, धरून ठेवा. चेंडू मिग्लेच्या हातात आला. पंधरा वर्षांची ही लंबूटांग पोर कुणाचं ऐकायची नाही. ती सुसाट निघाली. टेबलावरच्या माणसाने ओरडायचं नसतं, पण काका उठून उभे राहिले आणि घसा ताणून ओरडले, "टाकू नकोस गं. नऊ झालेत." मिग्लेने टाकला. चेंडू जाळीतून खाली आला. एस्टोनियाच्या मुलीने घाईघाईत लांबून मारलेला हुकला आणि भोंगा वाजला. फलकावर फरक अकराचा.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. काकांच्या पाठीवर थापा पडू लागल्या. तिकडे विर्गीताबाई मात्र मिग्लेसमोर उभ्या होत्या. "तो गेला नसता तर? चेंडू त्यांच्या हातात, वेळ शिल्लक. ऐकत नाही ती माझ्याबरोबर इटलीला येत नाही. तुझ्या जागी राखीव मुलगी." मिग्लेने डोक्यावर टॉवेल ओढला.

स्पर्धेच्या निरीक्षकाने सहीसाठी नियमांचा कागद टेबलावर ठेवला होता. काकांनी आता कुठे चष्मा लावला. फरकात बरोबरी झाल्यास आपसातला सामना जिंकणारा संघ पुढे, असं त्यावर छापलं होतं. एकूण गुणांचा जुना नियम या वर्षी काढून टाकलेला. काकांनी ते तीनदा वाचलं. म्हणजे नऊ झाले असते तर बरोबरी, आणि आपल्याला तर लात्व्हियाने हरवलेलं. म्हणजे आपण घरी. म्हणजे आपण जिंकलो ते त्यांच्या आकड्याने नव्हे, तर त्या पोरीने तो मोडला म्हणून? त्यांना काही सुधरेना. आनंद मानावा की तोंड लपवावं? गप्प बसलं तर संघ जाणारच होता, नावही शाबूत राहणार होतं. फक्त एक मुलगी मागे राहणार होती.

ते दारापर्यंत गेले, परत फिरले, आणि कागद विर्गीताबाईंच्या हातात दिला. "बाई, नऊ पुरले नसते. मी चुकलो."

"काका, पोरीची बाजू घेताय, कळतं मला."

पोस्टमन स्तासिस मोठ्याने हसला. "काका आणि चुकतात होय?"

"चुकतो रे. आजवर तुम्हाला कळलं नाही इतकंच," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "वाचा बाई, तिसरी ओळ."

बाईंनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. स्तासिसचं हसू मावळलं. बाई इटलीला जाणाऱ्यांच्या यादीवर वाकल्या, मघाशी लिहिलेलं राखीव मुलीचं नाव खोडून मिग्लेचं लिहिलं आणि काकांकडे न बघता निघून गेल्या. भोवतीचे लोकही एकेक करून पांगले.

मिग्ले टॉवेल गळ्यात टाकून टेबलाशी आली.

"तुम्हीपण मला थांब म्हणून ओरडलात म्हणे?"

"ओरडलो. तू ऐकलं नाहीस ते बरं झालं."

"बाईंचं ऐकू आलं होतं, त्या रोजच ओरडतात," ती म्हणाली. "तुमचं नाही आलं, काका. तुमचं ऐकू आलं असतं तर मी थांबले असते."