चाचांची काडेपेटी

माणूस समोर आला की चाचा आधी हवेचा वास घ्यायचे, मग माणसाकडे बघायचे. आभाळ निरभ्र असलं तरी मान हलवायचे. "खारी हवा हाय. दगा देणार." आखातातून परतल्यावर त्यांनी आरे-वारेच्या रस्त्याला भंगारातलं प्लास्टिक वेगळं करायची शेड टाकली होती. विश्वास मात्र हवेवर नाही, गिऱ्हाइकावर नाही आणि माझ्यावर तर नाहीच.

माझाही त्यांच्यावर नव्हता. "चाचांवर पाळत ठेवायला शेडवर कामाला लागलेय," असं मी वाडीभर सांगत फिरायचे. केवढी मी हुशार! जुन्या टीव्हीच्या काळ्या पेट्यांचा चुरा पिंपात घुसळायचा. घासून घासून त्यात वीज भरली की वीज सोडलेल्या दोन उभ्या पत्र्यांमधून खाली सोडायचा. आग लागू नये म्हणून औषध घातलेले तुकडे एकीकडे पडत, साधे दुसरीकडे. मला वाटलं, करणी! एकदा पिंपावर वाकले तर केसच ताठ उभे राहिले. किंचाळत रस्ता गाठला. दुसऱ्या दिवशी पदराला लिंबू बांधून हजर.

"वयनी, लिंबू भायेर ठेव," चाचा म्हणाले. "रस गळला तर माल ओला होल."

यंत्रावरही त्यांचा संशय. साध्या ढिगातला तुकडा चिमट्यात धरून काडी लावत. जळत राहिला तर ठीक. आपोआप विझला तर तो औषधाचा, मग अख्खा ढीग परत पिंपात.

मे सरता सरता मुंबईचा खेळणीवाला ट्रक घेऊन आला. दमट हवेत चुऱ्यात वीज टिकेना, यंत्र रुसलेलं, साध्या ढिगातले तुकडेही विझत होते. हा माल गेला नाही तर शेड बंद, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

"द्या ना चाचा," मी कुजबुजले. "खेळण्याला काडी कोण लावतंय?"

"काडी नाय लावत गो, पोरं तोंडात घालतात. ता औषध म्हंजे जहर." माझ्या लेकीला तेव्हा दिवस गेले होते. "तुझ्या लेकीचा पोर काय करील?"

खेळणीवाला हसला. "सगळेच असा माल देतात, चाचा."

"म्हणून तर सगळ्यांवर संशय."

ट्रक रिकामा गेला. पावसाआधी शेडला कुलूप लागलं, चाचा पुन्हा आखातात गेले. निघताना त्यांनी काडेपेटी माझ्या हातात ठेवली. मी ती कानाशी हलवून पाहिली, आत काड्या आहेत ना?

चाचा पहिल्यांदाच मोकळे हसले. "शिकलीस गो, वयनी."

गेल्या दिवाळीत धाकट्या नातवाला कुणी खेळण्यातली काळी मोटार आणली, तर मी तिला काडी लावीन म्हणून सुनेनं आधी घरातली काडेपेटी लपवली. लपवू दे. एक माझ्या बटव्यात असतेच.