विहीणबाईंची झुकिनी

आमच्या कॉलनीत कुणाचंही लग्न असलं तरी जिलबी वाढायला मीच, हे ठरलेलं असायचं. केटरिंगवाले येण्याआधीची गोष्ट. कमरेला पंचा बांधून मी पंक्तीत उतरलो की लोक आधीच पानावर आडवे हात धरायचे आणि मी बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचो. ‘नको’ म्हणणाऱ्याला वाढणं हीच माझी ख्याती. फारच कुणी हटून बसला तर ‘एक तुम्ही, एक मी’ म्हणून उभ्या उभ्या एक स्वतःच्या तोंडात टाकायची आणि त्याच्या पानावर दोन. माझ्या पंक्तीतून कुणी अर्धपोटी उठलं नाही याचा मला अजूनही गर्व आहे. डब्लिनमध्ये त्या कलेचा काडीचा उपयोग झाला नाही.

मी इथे आलो नातवंडासाठी. मुलगा ग्रँड कॅनाल डॉकला सॉफ्टवेअरमध्ये आहे. सून कोरियाची, त्याच ऑफिसात दोघांचं जमलं. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आईला घर सोडता येत नव्हतं. माझी बायको जाऊन काही वर्षं झाली. म्हणजे बाळंतपणाला घरचं मोठं माणूस म्हणून शिल्लक राहिलो मी. मी आपला डिंक, आळीव, खारीक, बाळंतशेपा असं सगळं बॅगेत भरून, विमानतळावर चार प्रश्नांना तोंड देऊन, वेळेच्या बरंच आधी येऊन बसलो. आणि सहावा लागता लागता सगळं संपलं. मुलगी होती.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर सून जेवेनाशी झाली. रुसवा नाही, आदळआपट नाही. चहा घ्यायची, टोस्टचा तुकडा मोडायची, बस. मी मऊ भात केला, मेतकूट-तूप घातलं, मुगाची खिचडी केली, पेज केली. ती म्हणायची, “नो थँक्यू, बाबा.” मी वाढायचो. आमच्या दोघांचं इंग्रजी यथातथाच, तिचं माझ्यापेक्षा बरं, पण आग्रहाला भाषा कशाला लागते? “वन यू, वन मी,” असं म्हणून मी एक घास खायचो आणि तिच्या ताटात डाव उलटा करायचो. ती ताटाकडे बघत बसायची. मग ते सगळं डब्यात भरून, झाकण लावून, फ्रिजमध्ये ठेवायची. फ्रिज माझ्या डब्यांनी भरला. शेवटी ती जेवणाच्या वेळी खाली यायचीच बंद झाली.

“बाबा, प्लीज, तिला फोर्स नका करू,” मुलगा म्हणाला. “इथे नो म्हणजे नो असतं.”

“म्हणजे उपाशी राहणाऱ्याला इथे उपाशी राहू देतात?”

“हो,” तो म्हणाला आणि सिंककडे तोंड करून रडायला लागला. चाळिशीला आलेल्या मुलाला जवळ कसं घ्यायचं, ते मला येत नाही. मी चहाचं आधण ठेवलं.

चहा पिताना त्यानेच सांगितलं, की लहानपणी ती आजारी पडली की तिची आई एकच पदार्थ करायची. झुकिनी म्हणजे काकडीसारखी दिसणारी फळभाजी, तिच्यात बीफचा खिमा भरून. एखाद्या रेस्टॉरंटातून मागवतो, म्हणाला.

“मागवायचं कशाला? मी करतो.”

“बाबा, बीफ आहे ते.”

“ऐकू येतं मला.”

आमच्या घरात अंडंसुद्धा बायकोच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा आलं. पण पोर उपाशी आहे म्हटल्यावर मी फार विचार केला नाही. देवाला विचारलं नाही. त्या दिवसांत आमचं बोलणंच बंद होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने टॅब्लेट किटलीला टेकवून उभा केला, विहीणबाईंना फोन लावला आणि, “सोय सॉस वरच्या प्रेसमध्ये आहे,” असं सांगून डार्ट, म्हणजे इथली लोकल, पकडायला पळाला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता तोही म्हणतो. पडद्यावर विहीणबाई, अलीकडे मी. त्यांच्याकडे संध्याकाळ होत आलेली. त्यांना मराठी येत नाही, मला कोरियन येत नाही आणि इंग्रजीतला त्यांना येणारा एकच शब्द ‘नो’. लग्नानंतर आम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं. मी हात जोडले, त्या कमरेत वाकल्या.

मग त्यांनी झुकिनी उचलून दाखवली. बोटभर लांबीचे तुकडे, एका बाजूने फुलीची चीर, पण तळाशी न तुटू देता. हे तर आपलं भरलं वांगंच! मला एकदम हुरूप आला. चिरलेले तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे मऊ पडतात आणि भरताना फाटत नाहीत, हे त्यांनी दोन बोटांनी तुकडा वाकवून दाखवलं. लसूण ठेचला, कांद्याची पात बारीक चिरली, तीळ भाजून भरडले. इथवर मी माझ्याच स्वयंपाकघरात होतो. म्हणूनच बहुधा, हात आपोआप दाण्याच्या कुटाच्या डब्याकडे गेला.

“नो!” विहीणबाई ओरडल्या. गुळाचा खडा उचलला, तेव्हाही ‘नो!’ साखर चालते, गूळ चालत नाही. माझ्या हयातीत मला स्वयंपाकात इतकं कुणी रागावलं नव्हतं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. किती दिवसांनी त्या घरात कुणीतरी मोठ्याने बोललं होतं.

मग खिमा. मुलगा हातमोजे काढून ठेवून गेला होता. पण विहीणबाई उघड्या हातांनी मळून दाखवत होत्या, म्हटल्यावर मला मोजे घालायची लाज वाटली. खिमा थंडगार होता. सोय सॉस, साखर, मिरपूड, लसूण, पात, आणि वरून त्यांचं ते भाजक्या तिळाचं तेल. मी श्वास रोखून मळत होतो. मळता मळता ते नुसतं एक सारण झालं, आणि सारण भरायला मी कुणाला हार जाणारा नाही.

भरण्याआधी त्यांनी थांबवलं. एवढासा गोळा तव्यावर परतून तोंडात टाकायची खूण केली. चव बघा, म्हणजे मीठ कळेल. मी मान हलवली. त्यांनी परत खूण केली. मी दोन्ही हात, खिम्याने बरबटलेले, तसेच जोडले. मग त्यांना कळलं. त्यांनी मला भांडं पडद्याजवळ धरायला लावलं आणि वाकून, डोळे बारीक करून, कितीतरी वेळ त्यात बघत राहिल्या. बघून कसलं कळतंय मीठ? त्यांना चाखता येत नव्हतं आणि मी चाखणार नव्हतो. शेवटी त्यांनी बोटांची चिमूट दाखवली, अजून थोडं. मी चिमूटभर मीठ घातलं आणि मनात म्हटलं, आता तुमच्या लेकीचं नशीब.

तुकडे भरले, पसरट भांड्यात उभे लावले, तळाला पाणी आणि थोडा सोय सॉस, वर झाकण. विहीणबाईंनी आच कमी करायला लावली, वाकल्या, आणि फोन बंद केला.

दुपारी सून आपण होऊन खाली आली. वासाने आली असणार. केस विंचरलेले होते. मी एका बशीत तीन तुकडे काढले, चॉपस्टिक्स ठेवल्या आणि मुद्दाम पाठ करून ओटा पुसत राहिलो.

तिने अर्धा तुकडा खाल्ला. मी काचेच्या दारात तिचं प्रतिबिंब बघत होतो. अर्धा खाल्ला, चॉपस्टिक्स शेजारी शेजारी नीट ठेवल्या आणि म्हणाली, “थँक्यू, बाबा. व्हेरी नाइस, रिअली.”

अर्धा तर खाल्ला होता! म्हणजे वाट मोकळी झाली होती, असं मला वाटलं. मी डाव घेतला आणि अजून एक तुकडा, भरपूर रसासकट, उचलला. तिने बशीवर हात आडवा धरला. आणि मी काय करावं? मी तो तिच्या बोटांच्या फटीतून सोडला.

गरम रस तिच्या हातावरून मनगटापर्यंत गेला. तिने हात झटकला नाही की ओरडली नाही. तुकडा टेबलावर पडला होता. तिने तो उचलून बशीत ठेवला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

“वन यू, वन मी,” ती म्हणाली.

तिने टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होती. मी खाल्ला असता तर तिने खाल्लं असतं, हे तिच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसत होतं. एक घास. सत्तर वर्षांत न खाल्लेला एक घास, आणि समोर आठवडाभराची उपाशी पोर. मी बशीकडे पाहिलं. हात हलेना.

“नको गं,” मी मराठीतच म्हणालो.

“ओके, बाबा.”

तिने परत विचारलं नाही. आग्रह केला नाही, वाईट वाटून घेतलं नाही, माझं ‘नको’ तिने एका झटक्यात मान्य केलं. नळाखाली हात धुतला आणि वर निघून गेली. मी तिथेच डाव हातात धरून उभा होतो. मला त्या क्षणी माझ्या बायकोची इतकी आठवण आली, की रागच आला तिचा.

थोड्या वेळाने टॅब्लेट वाजला. विहीणबाई. आता त्यांच्याकडे रात्र झालेली, मागे दिवा लागलेला. त्यांनी बोटं तोंडाकडे नेऊन मान तिरकी केली. जेवली का?

खोटं बोलायला तोंड तरी लागतं. नुसत्या मानेने खोटं बोलणं मला जमलं नाही. मी बशी उचलून पडद्यासमोर धरली. अर्धा तुकडा, दोन आख्खे, आणि तो चौथा, बाजूने फुटलेला.

त्यांनी नीट पाहिलं. तळहात दाखवून मला थांबायला सांगितलं, उठल्या आणि दुसरी झुकिनी, सुरी, पाट घेऊन आल्या. माझंच काहीतरी चुकलं असणार, असं त्यांनी धरलं होतं. चीर खोल गेली असेल, मीठ कमी पडलं असेल. त्या पहिल्यापासून दाखवायला लागल्या. बोटभर तुकडा. एका बाजूने फुली. तळाशी तोडायचं नाही. यावेळी अगदी सावकाश, मला कळावं म्हणून. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्या थांबत नव्हत्या.

कृतीत काही चुकलं नव्हतं, हे मला त्यांना सांगता येईना. माझ्याकडे झुकिनीही उरली नव्हती. मी खुर्ची ओढून समोर बसलो. प्रत्येक चीर दिली की त्या मान वर करून माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवायचो. कळलं, विहीणबाई, कळलं.