मावशींची सैल कवळी

आमच्या गल्लीच्या टोकाला मावशींचं शिवणकामाचं दुकान आहे. एक मशीन, एक कापायचं टेबल, आरसा आणि गिऱ्हाइकांसाठी बाक. चाळीस वर्षं त्या तिथेच बसतात. साठी उलटली तशी दातांनी एकेक करून रजा घेतली आणि कवळी आली. वरची मुकाट बसली, खालची मात्र बोलताना नाचायची. मावशी तोंडाला हात लावल्याशिवाय हसेनाशा झाल्या. आणि गिऱ्हाइकं तर निम्मी त्यांच्या हसण्यासाठीच यायची.

शेवटी सुनेनं मनावर घेतलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खालच्या हाडात दोन छोटे स्क्रू बसवले. त्यांची डोकी हिरडीतून जराशी वर आलेली, आणि कवळीला आतून नायलॉनच्या दोन चकत्या. कवळी दाबली की चकत्या त्या डोक्यांवर टक्कन बसायच्या.

"म्हणजे टिचबटण की!" मावशी म्हणाल्या.

"अगदी तेच. फक्त चकत्या झिजतात. वर्षभरानं बदलायच्या."

मावशींनी घरी येऊन आधी मूठभर भाजलेले शेंगदाणे खाल्ले. पुढचे दोन महिने मजेत गेले.

मग एके दिवशी एक नवरी मुलगी लग्नाचा पोशाख अंगावर घालून बघायला आली. म्हणाली, "मावशी, कंबर इतकी घट्ट करा, की सासूबाई आग्रह करायला आल्या तर नको म्हणायला कारण मिळेल." मावशी खदखदून हसल्या आणि खालची कवळी थेट टाचण्यांच्या डबीत पडली. मग नवरीनं डबी पुढे केली. "मावशी, तुमचं काहीतरी पडलं." दोघी इतक्या हसल्या, की त्या दिवशी माप राहूनच गेलं.

पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मावशी दवाखान्यात हजर झाल्या.

डॉक्टरीणबाईंनी चकत्या बदलल्या. सात आठवड्यांत पुन्हा सैल. "बसवता कशी?" त्यांनी विचारलं.

"तोंडात ठेवते आणि चावते. बसते."

"तिथंच चुकतंय! ती तिरकी बसते आणि चकतीची कड कुरतडली जाते. दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबायची."

मावशी आरशासमोर उभ्या राहून नेमानं अंगठे लावू लागल्या. तरी तीन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी जास्त घट्ट चकत्या घातल्या, तर कवळी निघेचना. मावशींचे यजमान निवृत्त प्लंबर. ते मोठ्या उत्साहानं पाना घेऊन आले.

"अहो, हे माझं तोंड आहे, नळ नाही!" मावशी ओरडल्या, आणि त्या आवेशात कवळी आपोआप सुटली.

त्याही चकत्या टिकल्या नाहीत. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. स्क्रू पक्के, कवळी नीट, मग झिजतंय कशानं? त्याच आठवड्यात त्या स्वतःच्या कोटाच्या बाह्या कमी करून घ्यायला दुकानात आल्या आणि बाकावर टेकल्या. मावशींनी शिवण संपवली, मान खाली घातली, दोरा पुढच्या दातांत धरला आणि हिसका दिला.

"मावशी!" डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "हे काय?"

"काय म्हणजे? दोरा तोडला."

"दिवसातून किती वेळा तोडता?"

मावशींनी विचार केला. "शंभरेक वेळा तरी."

"अहो, पुढे हिसका बसला की मागून कवळी उचलली जाते. दर वेळी चकती घासते. आणि मी इतके दिवस तुमच्या जबड्याला दोष देतेय!"

मावशी ओशाळल्या. "चाळीस वर्षांची सवय हो. कात्री हातात घ्यायच्या आत तोंडच पुढे जातं."

सवय मोडायचं काम यजमानांनी अंगावर घेतलं. दोरा कापायची छोटी कात्री त्यांनी फितीला बांधून मावशींच्या गळ्यात अडकवली आणि पेपर घेऊन स्वतः बाकावर बसले. मावशींची मान वाकली रे वाकली की, "कात्री!" एकदा तर बिचाऱ्या सुईत दोरा ओवायला वाकल्या होत्या, तरी हे ओरडलेच. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकांना वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय. तीन आठवड्यांनी मात्र मावशींचा हात आपसूक कात्रीकडे जाऊ लागला.

त्यानंतरच्या चकत्या चौदा महिने टिकल्या. डॉक्टरीणबाई इतक्या खूश झाल्या, की नवी कवळी बसवलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या सरळ मावशींकडे धाडू लागल्या. "दुपारी जा, त्या समजावतील."

परवा एक आजोबा आले. कवळी रुमालात गुंडाळून खिशात! मावशींनी त्यांना आरशासमोर उभं केलं, अंगठे कुठे लावायचे ते दाखवलं, आणि जमेपर्यंत सोडलं नाही. पंधरा दिवसांनी आजोबा पुन्हा हजर.

"काय हो, सैल झाली?" मावशींनी काळजीनं विचारलं.

"कवळी नाही," आजोबा पोटावरून हात फिरवत म्हणाले. "ती घट्ट आहे, पण आता पँटही घट्ट झालीय. कमरेत दोन बोटं सैल करून द्या."