पराटीला काटे असतात का?

समुद्रपूरच्या सरकारी कार्यालयात मी नोकरीला लागले, तेव्हा माझं इंग्रजी कच्चं होतं आणि पुढच्या स्पर्धा परीक्षेसाठी ते सुधारायचं होतं. शब्द स्पष्ट ऐकू येतात म्हणून एका मैत्रिणीने मला अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली गाणी ऐकायला सांगितलं. तिकडे त्यांना कंट्री म्हणतात. एसटीच्या प्रवासात ऐकता ऐकता परीक्षा मागे पडली आणि गाणीच राहिली.

मग मी त्या गाण्यांच्या शौकिनांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरले. तिथे कोणी विचारायचं, ‘हे आवडलं, आता पुढे काय ऐकू?’ की पन्नास जण धावून यायचे. कोणत्या गाण्यात फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, कोणी वाजवलं, कोणतं कडवं रेकॉर्डिंगच्या दिवशी गाळलं, यावर वाद चालायचे. वर्षभर मी नुसती वाचत होते.

एकदा एका जुन्या गाण्यावर प्रश्न आला. त्यात गायिका कापूस वेचणाऱ्या आईच्या रक्ताळलेल्या बोटांबद्दल सांगते. बोटं कशाने फाटली असतील? कोणी म्हणालं थंडीने, कोणी म्हणालं झाडाच्या काट्यांनी. काट्यांची बाजू जिंकत चालली होती. मी अल्लीपूरची, पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांतून शाळेत गेलेली; पण मलाही खात्रीने सांगता येईना. आईने मला कधी वेचायला नेलंच नव्हतं.

रविवारी घरी गेल्यावर तिला विचारलं.

“पराटीले काटे कुठं असते?” ती हसली. “बोंड वाळलं का त्याचे टोकं सुईवाणी होते. थेच घुसते नखाच्या बाजूले. तुले एवढंबी माहीत नाई?”

तिने परसातून एक वाळलेलं बोंड आणलं. त्याच्या टोकावर तिने बोट टेकवलं, मी फोटो काढला आणि खाली दोन ओळी लिहून ग्रुपवर टाकला. ग्रुपवरचं माझं ते पहिलं लिखाण.

संध्याकाळपर्यंत उत्तरांचा ढीग पडला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी लिहिलं, ‘बरोबर आहे. माझी आई बोटांना चिकटपट्टी लावायची. तुझी काय लावते?’

“चिंधी बांधतो,” आई म्हणाली. मग तिनेच विचारलं, “तिकडंबी बायाच वेचते काय?”

“आता मशीन वेचते.”

“मंग पालापाचोळा येत असन त्यात. मशीनले काय समजते?”

मी ते विचारलं. खरंच येतो म्हणे. तो काढायला वेगळी यंत्रं लागतात. आईची मान ताठ झाली. ग्रुपवाल्यांनी मग खास तिच्यासाठी गाणी सुचवली. ती तुरीच्या शेंगा सोलत ऐकत बसली. एका गायकावर ती वैतागलीच. “हा काऊन रडून राह्यला?” दुसऱ्या गाण्यात मात्र तिचे हात थांबले. “हे काय वाजून राह्यलं? कोणी हुंदका गिळल्यावाणी?”

मी शोधून सांगितलं. ती आडवी ठेवलेली गिटार असते, वाजवताना पायाने पट्ट्या दाबतात.

“शिलाई मशीनवाणी?”

हे मी जसंच्या तसं लिहिलं. एका वादकाने कळवलं की आयुष्यभर मी लोकांना हेच समजावून दमलो, यापुढे तुझ्या आईचं वाक्य वापरीन.

थोड्या वेळाने आई म्हणाली, “त्या बाईले विचार, तिची माय हाय काय अजून?”

असं विचारावं की नाही, मला कळेना. तरी विचारलं. दुसऱ्या दिवशी, मी समुद्रपूरला परतल्यावर, लांबलचक उत्तर आलं. माझी आई जाऊन खूप वर्षं झाली, पण असं कोणी विचारलंच नव्हतं, असं म्हणून त्या बाईंनी सगळं लिहिलं होतं: आईची टोपी, तिचा तापट स्वभाव, वावरात तिने मारलेला साप. माझ्या आईला फोन लावून मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. सापाशी येऊन मजकूर संपला.

“संपलं?” आई म्हणाली. “साप कोणता होता, थे लिहलं नाई काय तिनं? विचारजो.”