उणे नऊचा शिरा

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरात कोंडलेलाच. बस आहे म्हणे. असेल! सुहासिनीताई शनिवारी शेजारच्या डॉक्टर वासंतीच्या गाडीतून बाजाराला जातात, तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. नवरा गेल्यावर पुण्याहून मुलाकडे राहायला आल्या, आणि मुलगा नचिकेत, इलेक्ट्रिकल इंजिनियर, हिवाळाभरासाठी अंटार्क्टिकातल्या संशोधन तळावर गेला. हिवाळ्यात तिथे ना जहाज पोचतं, ना विमान.

सकाळी उठलं की चष्मा लावून फोनवर तळाचं तापमान बघायचं. उणे तीस असलं की चहा घशाखाली उतरायचा नाही. उणे नऊ दिसलं की ताई रवा भाजायला घ्यायच्या.

"आज काय विशेष?" शिऱ्याची वाटी घेताना वासंती विचारायची.

"आमच्याकडे उन्हाळा आलाय!"

पुढच्या हिवाळ्यालाही राहशील का, असं तळावर नचिकेतला विचारत होते. त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा ताई म्हणून गेल्या, "राहा की. मला इथे छान करमतंय." फोन ठेवला आणि पस्तावल्या. पुढच्या फोनला खरं सांगायचंच, असं ठरवलं.

तो फोन आला. सुरुवात मात्र नेहमीचीच झाली.

"मंगळवारी उणे नऊ होतं ना रे? हिंडलास की नाही?"

"कसलं हिंडतोय! हिमवादळ होतं आई. जनरेटरच्या शेडमध्ये अडकलो होतो, एकटाच. बाहेर स्वतःचा हात दिसत नव्हता."

"अरे, पण थंडी तर कमी होती!"

"वारा समुद्रावरची जरा उबदार हवा आणतो, म्हणून आकडा चढतो. उणे तीसला आभाळ स्वच्छ असतं, वारा पडलेला. फिरतो आम्ही तेव्हा."

"मग इतके महिने बोलला का नाहीस?"

"तू खूश असायचीस गं."

"शहाणाच आहेस! तू वादळात, आणि मी इथे शिरा वाटत फिरतेय!" ताई ओरडल्याच. "आता माझंही ऐक. छान करमतंय, मैत्रिणी झाल्यात, सगळं खोटं. दिवसचे दिवस तोंड उघडत नाही मी. पुढच्या वर्षी राहू नकोस. ये."



"आई... कालच करारावर सही केली मी. तू म्हणालीस म्हणून."

खिडकीबाहेर रस्ता सरळ पसरलेला, माणूस एक नाही.

"बरं," ताई म्हणाल्या. "जेवलास का?"