कोपराचं हाड आणि सोवळ्याचं लुगडं

डॉक्टरांनी माझ्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला अंगठा टेकवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "इथंच ना, अम्मा?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. मग यांच्याकडे वळून दुखऱ्या जागेचं नाव इंग्रजीत सांगितलं. हे शाळेत इंग्रजी शिकवतात, तरी यांनाही ते दोनदा विचारावं लागलं.

लॅटरल एपिकाँडाइल. म्हणजे कोपराशी हाडाला असलेला उंचवटा. मनगट उचलणारे स्नायू तिथं दोरीनं बांधल्यासारखे असतात, त्या दोरीला टेंडन म्हणतात. फार ओढ बसली की ती बांधलेल्या जागीच दुखते. "हाड मोडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "हाताला विश्रांती द्या. वाटण बंद, विहिरीचं पाणी ओढणं बंद."

दुखणं आषाढात सुरू झालं होतं. आधी तांब्या हातून निसटायचा, मग पळीसुद्धा जड वाटायला लागली. मी ते अंगावर काढलं. आता कमळाला, माझ्या एकुलत्या एक मुलीला, पाचवा महिना होता. तिच्या सासरहून, तिरुनीलक्कुडीहून निरोप आला होता: तुमचा हात असा, बाळंतपण आम्हीच करतो. ते लोक वाईट नाहीत. पण पहिलं बाळंतपण माहेरी करता येऊ नये, हे मला फार लागलं. माघापर्यंत हात बरा व्हायलाच हवा होता.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी ऐकलं. वाटण थोरल्या जाऊबाईंनी घेतलं, पाणी हे ओढायला लागले. मी हात गळ्यात अडकवून बसायची आणि मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची.

दर मंगळवारी दवाखाना. बाकावर दोन-दोन तास. समोर भिंतीवर मुकुट घातलेल्या इंग्रज राजाची तसबीर, आणि तिच्याखाली आम्ही सगळे खोकत, कण्हत बसलेलो. डॉक्टर दाबून बघायचे, मलम चोळायचे आणि विश्रांती चालू ठेवा म्हणायचे. मी घरी येऊन आंघोळ करायची. दवाखान्यात कोण कोण शिवलेलं असतं, त्या अंगानं चुलीपाशी कसं जाणार?

सहा आठवडे गेले, आमच्याकडे कार्तिकात पडतो तो पाऊस सुरू झाला. दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं. मंगळवारी तर जास्तच. मी म्हटलं, हे औषधच मला मानवत नाही. तंजावरला जाऊन एक्स-रे काढला, म्हणजे हाडाचा फोटो. त्यातही काही नव्हतं. डॉक्टर थकल्यासारखे दिसले. "मद्रासला पाठवतो," ते म्हणाले. "तिथं टेंडनला काप देऊन बघतील. हात पहिल्यासारखा होईलच असं सांगता येत नाही."

मी रडले नाही. रडायचाही कंटाळा आला होता. कमळाला इकडे आणू नका असं कळवायचं, एवढंच मनात ठरवलं.

चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टर थांबले. "अम्मा, सकाळी उठल्यापासून काय करता ते सांगा. काम असो नसो, सगळं."

मी सांगायला लागले. उठते, आंघोळ करते, काल वाळलेलं लुगडं नेसते, ओलं धुते, पिळते, काठीनं उंच वलणीवर टाकते...

"पिळता?"

"ते काम नव्हे. सोवळ्याचं आहे. आपलं आपणच पिळायचं."

"किती वार?"

"नऊ. या कार्तिकाच्या पावसात वाळत नाही, म्हणून दोन पीळ जास्त देते. मंगळवारी इथून गेल्यावर पुन्हा आंघोळ, पुन्हा एक लुगडं."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझी आई रोज पिळते. लहानपणापासून बघतोय. मला हे विचारायचं सुचलं नाही."

मद्रासची चिठ्ठी त्यांनी फाडली. पिळणं बंद केलं तर दोन महिन्यांत बघू, म्हणाले. पण पिळणार कोण? जाऊबाई वडील, त्यांच्या हातात माझं लुगडं कसं द्यायचं? घरी येईपर्यंत मी हेच बडबडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळ करून ओल्या पंच्यानं विहिरीपाशी उभे राहिले. "बाजूस सर. मी पिळतों." यांचे पणजोबा तंजावरच्या दरबारात मानकरी होते, आणि बायकोच्या लुगड्याला हात लावलेला पुरुष या घरात कोणी पाहिला नव्हता. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. जाऊबाई तोंड फिरवून आत गेल्या. यांना पिळता येत नव्हतं, अर्धं पाणी यांच्याच पायावर पडलं.

पौषात मी तांब्या उचलला. माघात कमळा माझ्याच घरी बाळंत झाली, मुलगी झाली.

तुमच्यापैकी कोणाचं कोपर असं दुखत असेल तर एवढंच सांगते. वैद्याला कामं सांगाल, तशी जी आपण कामं म्हणून मोजतच नाही तीही सांगा. मी दीड महिना ते सांगितलं नाही, आणि लबाडीनं नव्हे.

बाराव्या दिवशी नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. उजव्या हातावर तिची मान होती, हात दुखला नाही. मी यांना म्हटलं, आता माझं लुगडं मी पिळते.

"असों दे," हे विहिरीपासूनच म्हणाले. "तू तिला धर."

यांना अजूनही नीट पिळता येत नाही. सकाळी लुगड्याचे काठ ओलेच असतात. मी तेच नेसते.