कोपऱ्यातली पट्टी आणि थांबलेला ठिपका

माझा नवरा मालवाहू जहाजावर असतो. तो गेला की रत्नागिरीच्या आमच्या घरातला कॉम्प्युटर बंद म्हणून होत नसे. जहाजांचा नकाशा दाखवणारा प्रोग्रॅम सतत उघडा, आणि त्यातल्या त्याच्या जहाजाच्या हिरव्या ठिपक्यावर सासऱ्यांची नजर. जयगडच्या बंदरातून निवृत्त झालेला माणूस, पण विश्वास कशावर नाही. दूधसुद्धा हुंगून घ्यायचे.

एकदा पडद्याच्या कोपऱ्यात निळी पट्टी आली. ‘नवीन आवृत्ती तयार आहे. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.’

“हात लावू नको हां गो,” मामंजी म्हणाले. “भाट्ये गावात एकाने असंच कायतरी दाबलं. सगळे फोटो गेले त्याचे.”

मलाही पटलं. न मागता कुणी काही देऊ करतंय म्हणजे त्यात काहीतरी असणार. पट्टी जाईना, तेव्हा मामंजींनी तिच्यावर कागद चिकटवला.

काही आठवड्यांनी ठिपका थांबला. भर अरबी समुद्रात. दुसऱ्या दिवशीही तिथेच. नवऱ्याचा फोन लागेना. समुद्रात असताना तो एरवीही लागत नाही, पण तेव्हा ते आठवून धीर येईना. मी कंपनीच्या मुंबई ऑफिसला फोन केला.

“जहाज वेळेवर आहे, मॅडम,” तिथली बाई म्हणाली. आवाज इतका गोड की माझा संशय वाढलाच.

“लपवतायत,” मामंजी म्हणाले, आणि ताटावरून उठले.

त्या संध्याकाळी मी कागद सोलून काढला. पट्टी आता नारिंगी होती. ‘ही आवृत्ती जुनी झाली आहे. जहाजांची नवी ठिकाणं दिसणार नाहीत.’ कागदाखाली ती कधी बदलली, कुणास ठाऊक. तरी मी तिच्यावर दाबलं नाही. मेनूत जाऊन स्वतः अपडेट तपासलं. तिथेही तेच लिहिलेलं. मग प्रोग्रॅम बंद केला.

“अगो, ठिपका जाईल!” मामंजी ओरडले.

गेलाच. पडदा रिकामा झाला तसा मी प्रोग्रॅम पुन्हा उघडला. मग नकाशा हळूहळू उमटला. ठिपका कोलंबोच्या बंदराला लागलेला.

“आणि हे तरी खरं कशावरून?” मामंजी म्हणाले.

सकाळी नवऱ्याचा फोन आला. मामंजींनी तो माझ्या हातातून घेतला आणि खुशालीही न विचारता म्हणाले, “कुठे आहेस? कुठल्या धक्क्याला? शेजारी कुठलं जहाज?” तो हसत सांगत होता, आणि मामंजी चष्मा लावून पडद्याशी एकेक ताडून बघत होते. सगळं जुळल्यावर कुठे त्यांचा आवाज मऊ झाला.

“जेवलास का रे?” त्यांनी विचारलं.